चाळीस वर्षं जुना प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर नेतात म्हणजे नेमकं काय करतात?

फोन हातात आहेच, तर प्ले स्टोअर उघडून बघा. चार-पाच ॲप्स तरी अपडेटच्या रांगेत उभी असतील. फोनच्या जगात सहा महिने अपडेट न झालेलं ॲप म्हणजे मेलेलं ॲप, असंच आपण धरतो.

आता उलटं टोक बघा. मी पुण्यात ज्या टीममध्ये काम करतो, तिथे रोज समोर असणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या सुरुवातीला तारीख लिहिली आहे १९८७. तो लिहिला गेला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. परदेशातल्या एका विमा कंपनीचा हा प्रोग्रॅम रोज रात्री चालतो आणि निवृत्त माणसांच्या पेन्शनचा हिशेब करतो. कंपनीचं नाव सांगता येणार नाही, पण काम सांगता येईल: असे जुने प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर न्यायचे आणि एकाही माणसाच्या पेन्शनमध्ये एक पैशाचाही फरक पडू द्यायचा नाही.

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला, तुमसरचा. घरी गेलो की चुलत भावंडं विचारतात, "दादा, तू ॲप बनवतो का? नाही? मग करतो तरी काय?" या लेखात त्याचं नीट उत्तर देतो. शेवटी "हे शिकून नोकरी लागते का?" या प्रश्नाकडेही येऊ.

कंपायलर म्हणजे राइस मिल

प्रोग्रॅमर जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. ते माणसाला वाचता येतं, पण प्रोसेसरला त्यातलं काही कळत नाही. त्याला फक्त शून्य आणि एकच्या सूचना कळतात. सोर्स कोड घेऊन त्या सूचना बनवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर.

आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड म्हणजे धान, कंपायलर म्हणजे राइस मिल आणि बाहेर पडणारा प्रोग्रॅम म्हणजे तांदूळ. खाता येतो तो तांदूळ, धान नाही. कॉम्प्युटर चालवतो तोही तांदूळच.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. पहिली, तांदळाचं परत धान होत नाही. सोर्स कोड हरवला आणि फक्त तयार प्रोग्रॅम उरला, तर त्यातून मूळ कोड जसाच्या तसा मिळवता येत नाही. दुसरी, धान तेच असलं तरी मिल बदलली की तांदूळ थोडा वेगळा निघतो. जुन्या मिलमधून खडा निसटून जायचा, नवी मिल तो पकडते. जुन्या मिलमध्ये कणी जास्त पडायची, नव्या मिलमध्ये कमी पडते. धान बदललं नाही, पण पोत्यात जे आलं ते बदललं.

मेनफ्रेम आणि कोबोल, दोन मिनिटांत

मेनफ्रेम हा एक मोठा कॉम्प्युटर असतो. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचे प्रचंड हिशेब न थांबता करायचे, हे त्याचं काम. सुपरकॉम्प्युटर वेगळा. तो हवामानासारखी अवघड गणितं सोडवतो. मेनफ्रेम साधीच गणितं करतो, पण कोट्यवधी वेळा आणि न चुकता.

त्यावरची सगळ्यात गाजलेली भाषा म्हणजे कोबोल. १९५९ साली अमेरिकेत एका समितीने तिची आखणी सुरू केली. ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलातल्या गणितज्ञ बाईंनी आधी बनवलेल्या फ्लो-मॅटिक भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव आहे. हिशेब ठेवणाऱ्या माणसालाही वाचता यावा असा कोड असावा, ही त्यामागची कल्पना. म्हणून कोबोल वाचताना इंग्रजी वाक्यं वाचल्यासारखं वाटतं.

१९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० हे मेनफ्रेमचं घराणं जाहीर केलं. आजचे आयबीएमचे झेड मालिकेतले मेनफ्रेम त्याच घराण्यातले. या घराण्याची एक खासियत आहे: दशकांपूर्वी कंपाइल केलेले प्रोग्रॅम आजच्या मशीनवरही बहुतेक वेळा जसेच्या तसे चालतात. फोनवर असं होत नाही. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ आणलं आणि ३२-बिटची जुनी ॲप्स उघडायचीच बंद झाली. गुगलनेही ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरवर ६४-बिट सक्तीचं केलं. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढच्या आवृत्तीसाठीच्या ॲप्सना मेमरीच्या १६ केबी पानांचा नियम लागू झाला. त्यासाठी कित्येक डेव्हलपरना आपल्या ॲपमधला सी आणि सी++ चा भाग नव्याने कंपाइल करावा लागला. म्हणजे 'नव्या कंपायलरवर नेणं' तुमच्या फोनमध्येही होतं, फक्त ते रात्री वायफायवर गुपचूप होऊन जातं.

चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?

हा प्रश्न मला कंपनीतले लोकही विचारतात. प्रश्न रास्तच आहे. उत्तरं तीन.

१. जुन्या कंपायलरची देखभाल थांबते. आयबीएमच्या कोबोल कंपायलरची ४.२ ही आवृत्ती २००९ ची. कंपन्यांनी ती वर्षानुवर्षं वापरली. तिची अधिकृत देखभाल एप्रिल २०२२ मध्ये संपली. आता त्यात दोष सापडला तर दुरुस्त करून देणारं कोणी नाही.

२. जुना तांदूळ नव्या चुलीचा फायदा घेत नाही. प्रत्येक नव्या प्रोसेसरमध्ये नव्या सूचना येतात. उदाहरणार्थ, २०१७ च्या झेड१४ मशीनमध्ये दशमान आकड्यांची गणितं वेगाने करणाऱ्या खास सूचना आल्या. १९९० मध्ये कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमला त्या माहीतच नाहीत. तो चालतो, पण जुन्या चालीनेच. कोडचं एक अक्षर न बदलता फक्त नव्याने कंपाइल केलं तरी कित्येक प्रोग्रॅम लवकर संपतात. मेनफ्रेमचं सॉफ्टवेअर बिल बहुतेक ठिकाणी प्रोसेसर किती वापरला यावर येतं, त्यामुळे वेग वाढला की थेट पैसे वाचतात.

३. बदल करायचा दिवस येतोच. करनियम बदलतो, नवी योजना येते. तेव्हा जुना प्रोग्रॅम उघडून कंपाइल करावाच लागतो. तो दिवस घाईचा असण्यापेक्षा आपण ठरवलेला असलेला बरा.

हे आपल्यापासून फार लांब नाही

भंडाऱ्याहून पुण्याला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या प्रत्येकाने वरठीचं भंडारा रोड स्टेशन पाहिलंय. दिवाळीच्या आधी महाराष्ट्र एक्सप्रेसचं किंवा आझाद हिंदचं तिकीट काढायला बसलो की सकाळी बोटं थरथरतात. तत्काळ उघडतं आणि मिनिटाभरात वेटिंग लागतं. ते तिकीट देणारी यंत्रणा कोणत्या कॉम्प्युटरवर चालते, याचा कधी विचार केलाय?

रेल्वेचं कॉम्प्युटरवरचं आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झालं. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं झाली. १९९९ मध्ये ती एकमेकांना जोडली गेली, म्हणून आज वरठीच्या खिडकीवरून देशातल्या कुठल्याही गाडीचं तिकीट निघतं. २००२ मध्ये आयआरसीटीसीची वेबसाइट आली. तुमच्या फोनवरचं ॲप हे या सगळ्यावर ठेवलेलं झाकण आहे. खरं भांडं आत आहे.

२०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की सध्याची आरक्षण यंत्रणा २०१० मध्ये बसवलेली असून इटॅनियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते, आणि ती आता क्लाउडला साजेशा नव्या तंत्रज्ञानावर नेण्याचं काम हाती घेतलंय. मिनिटाला सुमारे २५ हजार तिकिटांची क्षमता १ लाखाच्या वर न्यायचं उद्दिष्टही तेव्हा सांगितलं गेलं.

हा मेनफ्रेम नाही, पण गाठ तीच आहे. ओपनव्हीएमएसचं मूळ १९७७ मधलं. इटॅनियम ही इंटेलची चिप २००१ मध्ये आली, आणि जुलै २०२१ मध्ये इंटेलने तिचा पुरवठा थांबवला. म्हणजे मशीन जुनी झाली की तसली नवी मिळणार नाही. अशा वेळी मालकापुढे दोन वाटा असतात. एक, तोच सोर्स कोड नव्या चिपसाठीच्या कंपायलरने पुन्हा कंपाइल करायचा. ओपनव्हीएमएसची साध्या इंटेल-एएमडी प्रकारच्या सर्व्हरवर चालणारी आवृत्ती २०२२ मध्ये आली, त्यामुळे जगात अनेक जण या वाटेने जात आहेत. दुसरी वाट, सगळं नव्याने लिहायचं. रेल्वेचा रोख आधुनिकीकरणाकडे आहे. दोन्ही वाटांवर खड्डे तेच असतात: जुन्या यंत्रणेने मुकाट्याने सांभाळून घेतलेल्या गोष्टी.

तेच खड्डे आता बघू.

खड्डा पहिला: रिकामी जागा म्हणजे शून्य?

मेनफ्रेमवर आकडा अनेकदा अक्षरांसारखा साठवतात. प्रत्येक अंकाला एक बाइट. त्या बाइटचे दोन अर्धे भाग: डावा अर्धा सांगतो 'हा अंक आहे', उजवा अर्धा सांगतो 'कोणता अंक'. आता तिथे कोणी अंकच लिहिला नाही, जागा कोरी सोडली तर? कोऱ्या जागेचाही एक बाइट असतो. त्याचा डावा अर्धा वेगळा असतो, पण उजवा अर्धा नेमका शून्य असतो.

जुना कंपायलर तुलना करण्याआधी आकड्याला आटवून घ्यायचा. त्यात डावा अर्धा टाकून दिला जायचा, उजवा तेवढा ठेवला जायचा. त्यामुळे कोरी जागाही शून्यच दिसायची. 'रक्कम शून्य आहे का?' विचारलं की उत्तर 'हो'. नवा कंपायलर वेगासाठी कधीकधी आटवण्याची पायरी गाळतो आणि बाइटशी बाइट थेट ताडून बघतो. कोरी जागा आणि शून्य हे बाइट वेगळे, म्हणून उत्तर 'नाही'.

कोड तोच आणि डेटाही तोच, तरी उत्तर उलटं. चूक कोणाची? नियमाप्रमाणे नव्या कंपायलरची नाही. आकड्याच्या जागी आकडाच असला पाहिजे हे भाषेनेच सांगितलंय. जुना कंपायलर उदार होता एवढंच.

हा प्रकार आम्हाला प्रत्यक्ष भेटला. एका प्रोग्रॅमच्या जुन्या आणि नव्या आउटपुटमध्ये अकरा ओळींचा फरक आला. हजारो ओळींत फक्त अकरा. शोधत गेलो तेव्हा कळलं की त्या अकरा जणांच्या नोंदीत 'कपात' हा रकाना कोरा होता. जुना प्रोग्रॅम म्हणायचा: कपात शून्य, पैसे सोडा. नवा म्हणाला: कपात शून्य नाही, म्हणजे काहीतरी आहे, नोंद तपासणीसाठी बाजूला ठेवा. हे चाचणीत सापडलं नसतं, तर एक तारखेला अकरा म्हाताऱ्या माणसांच्या खात्यात पेन्शन जमा झाली नसती आणि का झाली नाही हे कोणालाच सांगता आलं नसतं.

रकाना कोरा का होता, याचं उत्तर कोडमध्ये नव्हतं. ग्राहक कंपनीतल्या, निवृत्तीला आलेल्या एका बाईंनी ते दिलं. पूर्वी कागदी फॉर्मवर कपात नसली की शाखेतले लोक तो रकाना मोकळा सोडायचे, आणि टायपिंग करणाऱ्यांनाही तसंच ठेवायला सांगितलं होतं. ही गोष्ट कुठेच लिहून ठेवलेली नव्हती. जिवंत माणसाच्या आठवणीत होती म्हणून सापडली.

खड्डा दुसरा: बारा खणांच्या कपाटात तेरावी वस्तू

प्रोग्रॅममध्ये बारा महिन्यांसाठी बारा खणांचा तक्ता केलाय समजा. कुठल्यातरी वाटेने कोड तेराव्या खणात लिहितो. तेरावा खण नाहीच, मग ते लिहिलेलं मेमरीत तक्त्याच्या शेजारी जे असेल त्यावर जाऊन पडतं. जुन्या कंपायलरच्या मांडणीत शेजारी योगायोगाने कोणी न वापरणारी जागा असायची. तीस वर्षं काही बिघडलं नाही. नवा कंपायलर मेमरीची मांडणी आपल्या सोयीने करतो. आता शेजारी कोणाचा तरी खातेक्रमांक बसलाय. तेरावी वस्तू थेट त्याच्यावर.

प्रोग्रॅम बंद पडला तर नशीब म्हणायचं, कारण कळतं तरी. बंद न पडता चुकीचा आकडा पुढे गेला तर खरी पंचाईत.

खड्डा तिसरा: शब्द, जागा आणि हरवलेलं धान

हे तुलनेने सोपे आहेत, कारण लगेच दिसतात.

नव्या आवृत्तीत भाषेचे राखीव शब्द वाढतात. जुन्या प्रोग्रॅमरने एखाद्या रकान्याला 'फ्री' किंवा 'ॲलोकेट' असं नाव दिलं असेल, तर ते शब्द आता भाषेने स्वतःसाठी ठेवलेत. नाव बदलावं लागतं.

तयार प्रोग्रॅम ठेवायची जागाही बदलते. आयबीएमच्या कोबोलच्या पाचव्या आवृत्तीपासून तयार प्रोग्रॅम जुन्या प्रकारच्या लायब्ररीत ठेवताच येत नाहीत, नव्या प्रकारची लायब्ररी लागते. आधी नुसतं हे सामान हलवायलाच वेळ जातो.

आणि हरवलेलं धान. प्रोग्रॅम रोज चालतोय, पण त्याचा सोर्स कोड सापडत नाही. किंवा सापडतो, पण तो चालणाऱ्या प्रोग्रॅमचा नसून त्याच्या आधीच्या आवृत्तीचा असतो. दुसरी गत पहिलीपेक्षा वाईट, कारण माणूस बिनधास्त तोच कंपाइल करतो आणि मधल्या दुरुस्त्या गायब होतात.

मामा तलावाचा पाझर

आमच्या भागात माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या बांधलेले आणि सांभाळलेले. अशा जुन्या तलावाच्या पाळीतून थोडा पाझर असतो. कागदावर तो दोषच. पण पाळीखालच्या एखाद्या बांधीतलं धान त्याच पाझरावर उभं असतं. उद्या पाळ पक्की केली, पाझर बंद झाला, तर दुरुस्ती उत्तम झाली असं अहवालात लिहिलं जाईल आणि खालची बांधी सुकेल.

जुन्या प्रोग्रॅमचं असंच असतं. त्यातल्या काही चुकांवर आता कोणाचं तरी काम उभं आहे. म्हणून नव्या कंपायलरवर नेणाऱ्याचं पहिलं काम 'चुका दुरुस्त करणं' हे नसतं. पाझर कुठे आहे आणि खाली कोणाची बांधी आहे ते शोधायचं, मग ठरवायचं: पाझर ठेवायचा, की त्या शेताला रीतसर पाट काढून द्यायचा.

कंपायलर बनवणाऱ्यांनाही हे माहीत आहे. म्हणून नव्या कंपायलरमध्ये 'या बाबतीत जुन्यासारखाच वाग' असं सांगण्याची सोय असते. आमच्या अकरा नोंदींच्या बाबतीत आम्ही आधी ती सोय वापरली, म्हणजे कोणाची पेन्शन अडणार नाही. मग नोंद आत येते त्या ठिकाणीच कोऱ्या रकान्यात शून्य भरणारा छोटा भाग लिहून घेतला. पाट तयार झाल्यावर मग पाझर बंद केला.

काम प्रत्यक्ष कसं चालतं?

पायऱ्या साधारण अशा:

१. मोजदाद. कोणते प्रोग्रॅम रोज चालतात, कोणते वर्षातून एकदा, कोणते कधीच नाही. प्रत्येकाचं धान कुठे आहे. वर्षातून एकदा चालणारे जास्त धोक्याचे, कारण त्यांची चूक मार्च अखेरीसच उघडी पडते.

२. कडक तपासणीसह कंपाइल. नव्या कंपायलरला सांगता येतं की तेराव्या खणात कोणी हात घातला तर थांब, आकड्याच्या जागी आकडा नसला तर ओरड, किंमत न भरलेला रकाना वापरला तर सांग. यामुळे प्रोग्रॅम मंद होतो, म्हणून हे फक्त चाचणीत.

३. जोडीने चालवणं. तोच इनपुट, एकदा जुन्या तांदळाला, एकदा नव्याला. दोन्ही आउटपुट बाइट-बाइट ताडून बघायचे. एकाही फरकाला 'किरकोळ' म्हणायचं नाही. कारण सापडेपर्यंत तो फरक उघडाच राहतो.

४. थोडं थोडं पुढे. जुन्या आणि नव्या कंपायलरचे प्रोग्रॅम बहुतेक वेळा एकमेकांना बोलावू शकतात. म्हणून सगळं एका रात्रीत बदलायची गरज नसते. कमी जोखमीचे आधी, पैशांना हात लावणारे शेवटी.

५. परतीची वाट. जुना तयार प्रोग्रॅम जपून ठेवायचा. गडबड झाली की काही मिनिटांत मागे येता आलं पाहिजे, आणि ही मागे येण्याची तालीमही आधी केलेली पाहिजे.

पाचवी पायरी कागदावर सोपी वाटते. २०१२ च्या जून महिन्यात ब्रिटनच्या आरबीएस बँकेत रात्रीची कामं लावून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं अपग्रेड झालं. अडचण आली म्हणून ते मागे घेतलं, आणि ते मागे घेणंच अंगाशी आलं. सुमारे ६५ लाख ग्राहकांना त्याचा फटका बसला. कित्येकांना खात्यातली शिल्लक दिसेना, पैसे काढता येईनात, पगार जमा होईनात. २०१४ मध्ये नियामकांनी बँकेला ५.६ कोटी पौंडांचा दंड केला. तो कंपायलरचा मामला नव्हता, पण आमच्या कामात हे उदाहरण सगळ्यांना पाठ असतं.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही

हे वाचून वाटेल की हे सगळं परदेशातलं. पण आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाची सुरुवातच अशा कामातून झाली. सत्तरच्या दशकात मुंबईत टीसीएसने अमेरिकेच्या बरोज कंपनीसाठी हॉस्पिटलच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बरोजच्या एका प्रकारच्या मशीनच्या कोबोलमधून दुसऱ्या प्रकारच्या मशीनच्या कोबोलमध्ये नेलं. हाताशी बरोजचं मशीन नव्हतं, काम झालं ते आयसीएल १९०३ या वेगळ्याच कंपनीच्या कॉम्प्युटरवर. म्हणजे ज्या मिलसाठी धान तयार करायचं ती मिल समोर नसताना. १९८१ मध्ये टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र पुण्यात सुरू झालं, आणि एका भाषेतला कोड आपोआप दुसऱ्या रूपात नेणारी साधनं हा तिथल्या कामाचा एक मोठा भाग राहिला.

मग वायटूके आलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच अंकांत लिहिलेलं, त्यामुळे २००० साल उजाडताच ००, आणि कॉम्प्युटरला ते १९०० वाटणार. जगभरचा कोबोल कोड ओळ न ओळ तपासायला माणसं हवी होती आणि ती भारताने दिली. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मराठी घरांतलं पहिलं 'परदेशी प्रोजेक्ट' हेच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एआय हे सगळं करून टाकेल का?
मदत नक्की करतो. आयबीएमने २०२३ मध्ये कोबोलचं जावामध्ये रूपांतर करायला मदत करणारं एआय साधन जाहीर केलं. मीसुद्धा हजार ओळींचा अनोळखी कोड समजून घ्यायला एआय वापरतो, वेळ वाचतो. पण त्या बाईंच्या आठवणीतला कोरा रकाना कुठल्याच कोडमध्ये लिहिलेला नव्हता. जे लिहिलेलंच नाही ते एआय कुठून वाचणार? आणि 'हा फरक चालेल' या वाक्याखाली सही माणसालाच करावी लागते.

हे शिकून नोकरी लागते का?
खरं सांगतो, फक्त कोबोल येतं म्हणून कोणी लगेच बोलावेल असं नाही. पण कामाची गरज आहे. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या काळात बेकारी भत्त्याचे अर्ज अचानक वाढले, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना जाहीरपणे कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना हाक द्यावी लागली होती. जाणकार निवृत्त होत आहेत, प्रोग्रॅम निवृत्त होत नाहीत. आधी कोणतीही एक भाषा आणि डेटाबेस नीट शिका, मग त्यावर मेनफ्रेमची जोड द्या. अशी जोडी मुलाखतीत उठून दिसते, कारण तसे उमेदवार कमी असतात.

सुरुवात कुठून करू? पैसे लागतात का?
सुरुवातीला नाही. जीएनयूकोबोल हा मोफत कंपायलर साध्या लॅपटॉपवर चालतो. आयबीएम झेड एक्सप्लोर हा मोफत उपक्रम आहे, त्यात इंटरनेटवरून खऱ्या मेनफ्रेमवर सराव करायला मिळतो. ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टचा कोबोल कोर्सही मोफत आहे. कॉलेजच्या लॅबमधला जुना कॉम्प्युटरही एवढ्याला पुरतो.

हे काम कंटाळवाणं नाही का?
नवं ॲप बनवण्याची मजा यात नाही, हे मान्य. इथे यशस्वी दिवस म्हणजे काहीच झालं नाही असा दिवस. पण एक गोष्ट मला आवडते. इथे दुसऱ्याने लिहिलेलं समजून घ्यावं लागतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या, कधी न भेटलेल्या माणसाने ही ओळ अशी का लिहिली असेल, हे शोधताना त्याच्याबद्दल आदर वाटायला लागतो. कमी मेमरी, मंद मशीन, आणि तरी त्याचा हिशेब आजही बरोबर येतो.

थोडक्यात

- कंपायलर बदलला की कोड तोच राहूनही उत्तर बदलू शकतं.
- बहुतेक वेळा दोष नव्या कंपायलरचा नसतो. जुन्याने झाकून ठेवलेली चूक उघडी पडलेली असते.
- ती चूक दुरुस्त करण्याआधी तिच्यावर कोण अवलंबून आहे ते बघायचं.
- जुनं आणि नवं जोडीने चालवून ताडून बघणं, आणि परतीची वाट तयार ठेवणं, याला पर्याय नाही.

पुढच्या वेळी तत्काळच्या वेळेला ॲपवर चक्र गोल फिरत राहिलं, की लगेच फोन आपटू नका. त्या चक्रामागे फोनपेक्षा जुनी, कदाचित तुमच्यापेक्षाही जुनी यंत्रणा काम करतेय. आणि तुमचं स्वतःचं एखादं छोटं ॲप असेल, तर आजच एक काम करा: त्याचा सोर्स कोड दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा, आणि विचित्र वाटणाऱ्या प्रत्येक ओळीशेजारी ती तशी का लिहिली ते एका वाक्यात लिहा. चाळीस वर्षांनी कोणीतरी ते वाचत बसलेलं असेल.